मोजणी शिमग्यानंतरच

परवा लांजा तालुक्यातल्या एका उतारावर दिवसभर झाडं मोजली. सकाळी साडेसातला चढायला लागलो तेव्हा गवत दवाने ओलं होतं. अकरा वाजता कातळ असा तापला की चपलेतून चटके बसायला लागले. सोबत वाडीतल्या दोन वहिनी आणि बारावीचा शेवटचा पेपर नुकताच देऊन आलेला एक मुलगा. काम सांगायला सोपं आहे. खुंटीला दोरी बांधून दहा मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखायचं, त्यात लावलेलं प्रत्येक रोप शोधायचं आणि जिवंत की मेलेलं ते वहीत लिहायचं. पण मार्च महिन्यात रोप जिवंत आहे का हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. पानं झडलेली असतात, खोड राखाडी पडलेलं असतं, एक काडी तेवढी उभी दिसते. मग बुंध्याजवळ वाकून अंगठ्याच्या नखाने साल जरा खरवडायची. खाली ओली हिरवी रेघ दिसली तर जीव आहे. तपकिरी आणि कोरडं लागलं तर आणखी खाली, अगदी मातीला टेकून खरवडायचं, कारण शेंड्याकडून वाळलेलं शिवणीचं झाड मुळाशी जिवंत असू शकतं. दुपारपर्यंत नखाखाली सालीचा चिकट थर बसतो, तो दोन दिवस जात नाही.

हे खरवडणं मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. दापोलीला वनशास्त्र शिकत असताना छातीच्या उंचीवर, म्हणजे १.३७ मीटरवर, खोडाचा घेर कसा घ्यायचा ते शिकले. नखाचं शिक्षण पुढे एका वनमजूर काकांनी दिलं.

गेली वीसेक वर्षं हेच काम करते आहे. कुठल्या संस्थेने, कुठल्या योजनेतून, कुठल्या गावात झाडं लावली, त्यांचं पुढे काय झालं हे जाऊन बघायचं. कागदावर त्याला मूल्यमापन म्हणतात. गावात म्हणतात, "मोजायला आलीत." मला गावातला शब्द जास्त पटतो, कारण माझ्या कामातल्या सगळ्या चुका मोजण्याच्याच आहेत. काय मोजलं, कधी मोजलं आणि कोणाला विचारून मोजलं.

आधी कधी ते सांगते. बाहेरची पथकं येतात दिवाळीनंतर. रस्ते सुकलेले असतात, हवा बरी असते, डोंगर हिरवा असतो. जुलैत लावलेलं रोप नोव्हेंबरात जिवंत असतंच. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यात पांगाऱ्याची काठी रोवली तरी ती पालवते. रोपाचं मरण पुढे वाढून ठेवलेलं असतं. भात कापून झालं की गुरं मोकळी सुटतात. जानेवारीपासून गवत पिवळं पडतं, खोडाला वाळवी लागते, विहिरी खाली जातात. मग शिमग्याच्या मागेपुढे वणवे सुरू होतात. कुणी नवं गवत लवकर फुटावं म्हणून काडी लावतं, कुणी बाग साफ करताना पेटवलेला पाचोळा विझवायला विसरतं, कुणी शिकारीसाठी रान पेटवतं. आग कुणी लावली हे बहुतेक वेळा गावाला माहीत असतं, पण बोलत कुणी नाही. एका संध्याकाळी वारा फिरला तर तीन वर्षांची लागवड तासाभरात जाते. नोव्हेंबरात मोजलेला आकडा खोटा नसतो, पण त्याने फक्त पावसाचं काम मोजलेलं असतं. म्हणून मी मोजणी शिमग्यानंतरच करते. करारात तसं लिहून घेते, आणि ते ज्यांना जमत नाही त्यांचं काम नाकारते.

बागांच्या अनुदान योजनांमुळे आणखी एक सवय लागली आहे. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं मिळतं, आणि पुढचा हप्ता झाडं किती जगली यावर अवलंबून असतो. त्यामागचा विचार चांगलाच आहे, शेतकऱ्याने लावून सोडून देऊ नये. पण मेलेल्या झाडांच्या नांग्या, म्हणजे रिकाम्या पडलेल्या जागा, कधी भरल्या जातात ते बघा. तपासणीच्या पंधरा दिवस आधी. तिसऱ्या वर्षाच्या बागेत अंगठ्याएवढ्या खोडांच्या रांगेत मधेच करंगळीएवढं कलम दिसतं, माती भुसभुशीत असते, कधी कधी रोपवाटिकेची काळी पिशवी तिथेच अर्धी पुरलेली सापडते. मी ते लबाडी म्हणून लिहीत नाही. नांग्या भरणं ही चांगली शेतीच आहे. पण ते झाड तीन वर्षांचं म्हणून मोजलं तर पुढच्या उत्पन्नाचा सगळा हिशेब चुकतो. माझ्या वहीत त्यासाठी वेगळा रकाना आहे.

आता काय मोजलं त्याची गोष्ट. ही चूक माझी स्वतःची आहे आणि अजून मला लागते.

२००८ च्या पावसात राजापूर तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बायकांनी कोकम लावले. बांधावर, घरामागच्या उतारावर, व्हाळाच्या म्हणजे ओढ्याच्या काठाने. प्रकल्पाच्या रोपवाटिकेतून बियांची रोपं पिशवीत आली होती. दोन वर्षांनी मी मोजायला गेले. दहांतली जवळजवळ नऊ जिवंत. इतकी चांगली जगवणूक मी तोवर पाहिली नव्हती. अहवालात तसं भरभरून लिहिलं, संस्थेला आनंद झाला, तोच नमुना आणखी काही गावांत गेला. त्या बायकांनी दोन उन्हाळे डोक्यावरून हंडे वाहून त्या रोपांना पाणी घातलं होतं. व्हाळ आटल्यावर खालच्या विहिरीवरून. हेही मी अहवालात लिहिलं होतं, कौतुकाने.

२०१७ च्या मे महिन्यात दुसऱ्या कामाने त्याच वाडीत गेले आणि मुद्दाम झाडं बघायला वळले. सुंदर वाढली होती. कोकमाचं झाड दिसायला देखणंच, खालपासून फांद्या लोंबलेल्या, वर निमुळतं, कोवळी पानं लालसर. एका काकींच्या अंगणात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचं काम चाललं होतं. साली एका बाजूला, बिया दुसऱ्या बाजूला, रस पातेल्यात. सालींना मीठ आणि तोच रस लावून उन्हात वाळवायचं, पुन्हा रसात बुडवायचं, पुन्हा वाळवायचं, असं चार-पाच वेळा केल्यावर आमसूल काळंभोर होतं. काकींचे दोन्ही हात मनगटापर्यंत जांभळे झाले होते. मला ओळखलं त्यांनी. म्हणाल्या, "बाय, तू सगळी जगली म्हणून लिवलंस. जगली ती खरी. पण निम्मी धरतच नाय. फुलतात नि गळतात."

कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बियांपासून वाढवलेल्या रोपांत जवळपास निम्मी नर निघतात, आणि ती नर आहेत हे सात-आठ वर्षांनी फुलल्याशिवाय कळत नाही. म्हणूनच तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोंकण अमृता, कोंकण हातीस असे वाण दिले आणि मृदुकाष्ठ कलमाने मादी झाडाचीच कलमं करायची पद्धत बसवली. परागासाठी बागेत थोडी नर झाडं लागतात, निम्मी लागत नाहीत. कलम बियांच्या रोपापेक्षा महाग पडतं म्हणून प्रकल्पाने रोपं घेतली. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. मी ते शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं. पण माझ्या तक्त्यात 'जिवंत' आणि 'मृत' असे दोनच रकाने होते आणि मी ते भरून मोकळी झाले. रोपं बियांची आहेत का कलमी, एवढा एक प्रश्न २०१० साली विचारला असता तर पुढच्या गावांना तरी कलमं मिळाली असती. काकींच्या बोलण्यात राग नव्हता. मला मात्र त्या रात्री हंडेच दिसत होते. वाहिलेल्या हंड्यांतले निम्मे नर झाडांना गेले होते.

त्यानंतर मी एक गोष्ट ठरवली. जमेल त्या प्रत्येक गावात सात-आठ वर्षांनी परत जायचं, कुणी पैसे देवोत न देवोत. काजूचं कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळतं, आंब्याला पाच-सहा वर्षं लागतात, कोकमाचं वर सांगितलंच. आणि प्रकल्प असतो तीन वर्षांचा, फार तर पाच. म्हणजे झाड बोलायला लागायच्या आधीच त्याचा निकाल लागलेला असतो.

कोणाला विचारायचं, हा तिसरा प्रश्न कोकणात सगळ्यात अवघड आहे. 'समुदाय' आणि 'लोकसहभाग' हे शब्द प्रकल्पाच्या कागदात फार सहज येतात. देशात संयुक्त वनव्यवस्थापनाची सुरुवात केंद्राच्या १९९० च्या परिपत्रकाने झाली, महाराष्ट्राने १९९२ साली तसा शासननिर्णय काढला. त्यात कल्पना अशी की जमीन वनखात्याची, राखण गावाची, उत्पन्नात वाटा दोघांचा. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याच्याही पुढे जाऊन गावाला हक्कच दिला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि तिथल्या ग्रामसभेने आपला बांबू आपण विकला. मी तिथे जाऊन आले आहे. गावाचं जंगल म्हणजे काय ते तिथे दिसतं. पण तो नमुना जसाच्या तसा रत्नागिरीत आणून बसवता येत नाही. आमच्याकडे वनखात्याचं जंगल अगदी थोडं. डोंगर बहुतेक सगळा खाजगी सातबाऱ्यावरचा. खोतांची जुनी जमीनदारी, म्हणजे खोती, १९४९ च्या कायद्याने गेली, कुळांच्या नावावर जमिनी झाल्या आणि पुढच्या पिढ्यांत त्या वाटण्या न होता सामायिकच राहिल्या. जमिनीच्या एका गट नंबरावर पंचवीस-तीस नावं. त्यातली काही माणसं हयात नाहीत, वारसनोंदी राहिलेल्या. हयात असलेल्यांपैकी निम्मे परळ-लालबाग सोडून विरार, दिवा, बदलापूरला गेलेले.

संगमेश्वर तालुक्यात अशाच एका उतारावर गावाने सहा वर्षं राखण केली होती. दगडी गडगा घातला, वणवा येऊ दिला नाही. ऐन, किंजळ, जांभूळ मांडीएवढे जाड झाले. सातव्या वर्षी भावकीतल्या एकाने आपल्या वाट्याचा डोंगर तोडीला दिला. मुंबईत घरातलं माणूस हॉस्पिटलात होतं, पैशाची नड होती, ठेकेदार रोख घेऊन दारात आला. आठ दिवसांत ट्रक भरभरून लाकूड घाटावर गेलं. मी त्या माणसाला दोष देत नाही. त्याने सहमतीच्या कागदावर सहीच केली नव्हती. त्याच्या वतीने गावात राहणाऱ्या चुलतभावाने केली होती, आणि आम्ही ती सही मोजली होती. झाडं कोणाची आणि त्याला नड आली तर गाव काय करणार, हे प्रकल्पाने विचारलं नाही, आणि दोनदा मोजायला जाऊन मीही विचारलं नाही.

आता टेप बाहेर काढायच्या आधी मी सातबारा मागते. आणि बैठक ठेवते ती शिमग्यात किंवा गणपतीत, चाकरमानी घरी असताना. पालखी वाडीत येऊन गेली की दुसऱ्या दिवशी माणसं निवांत असतात. मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळाचे पदाधिकारी, गावचे मानकरी आणि घरी राहून राखण करणारे असे तिघे एकत्र बसले की पहिल्या अर्ध्या तासातच कळतं की हा डोंगर दहा वर्षं टिकणार आहे का नाही. काही गावांनी अडीअडचणीसाठी मंडळाचा निधी ठेवला आहे: कुणाला नड आली तर तोडीला देण्याआधी मंडळाकडे यायचं. असा निधी आहे का, हे मी पहिल्या पानावर लिहिते, झाडांच्या आकड्याच्या आधी.

त्या बैठकीत बायका बसत नाहीत. पडवीच्या दाराआड उभ्या असतात. म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर डोंगरावर जाते. चिपळूण तालुक्यातल्या एका गावात चराईबंदी, कुऱ्हाडबंदी कडक पाळली जात होती, गावाला त्याचा अभिमान होता. एका वहिनीबरोबर पहाटे निघाले. हातात कोयता, कमरेला दोरी. पूर्वी घरामागच्या उतारावर अर्ध्या तासात मोळी व्हायची, आता बंदी, म्हणून आम्ही खिंड ओलांडून पलीकडे गेलो. उज्ज्वलाचा सिलिंडर घरात होता, पण आंघोळीचं पाणी आणि भाताचं मोठं पातेलं चुलीवरच असतं. तिथे मी नेहमीची सवय म्हणून ताजे खुंट मोजायला लागले. ताजा घाव पांढरट किंवा लालसर असतो, त्यातून अजून ओल येते. जुना काळा पडून चिरतो. ताजे फार होते. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा पेरणीआधी भाजायला, काढलेलं कवळही (पालेदार डहाळ्या) तिथलंच. ऐन-किंजळाच्या उघड्या बोडक्या काठ्या उभ्या होत्या, भाजावळीसाठी टहाळ उतरवून नेलेलं. जाऊन परत यायला अडीच तास लागले. ताणकाट्यावर मोळी अठ्ठावीस किलो भरली.

तो पलीकडचा डोंगर शेजारच्या गावाचा होता. अलीकडे राखलेलं जंगल आम्ही मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, पलीकडे तुटलेलं कुणाच्याच अहवालात नव्हतं. आणि त्या बाईचे रोजचे दोन तास तर कुठल्याच कागदावर नव्हते. मी बंदीच्या विरोधात नाही. पण बंदी घालताना राबाला काय, सरपणाला काय, हे ठरवलेलं असलं पाहिजे. त्याच गावात पुढे गडग्याच्या कडेने गिरिपुष्पाची झाडं लावली, कवळासाठी उताराचा एक पट्टा सोडला आणि तो दर वर्षी फिरता ठेवला. ही सूचना बायकांकडून आली होती, दाराआडूनच, पण आली.

शेजारच्या डोंगरावर जायची सवय मला आणखी एका कारणाने लागली. आमच्याकडे जमीन नुसती सोडून दिली तरी तिथे जंगल येतं. आग नको, कुऱ्हाड नको, एवढंच. जुन्या खुंटांची मुळं जमिनीत जिवंत असतात, त्यांना फुटवे येतात. जांभूळ, कुंभा, करवंद, असाणा ही पाखरांनी आणि जनावरांनी आणलेली रोपं उठतात. म्हणून लागवड केलेला उतार हिरवा दिसला की मी त्याच्या शेजारचा, तितकाच राखलेला पण लागवड न केलेला उतार शोधते. एका ठिकाणी दोन्हीकडे वर्तुळं टाकली आणि झाडं जवळजवळ सारखीच भरली. लावलेल्यांतली बरीच मेली होती. उतार हिरवा केला होता जुन्या मुळांनी, गडग्याने आणि दर वर्षी पौषात गवत कापून, संध्याकाळी वारा पडल्यावर आग अडवायला जाळून काढलेल्या दहा-बारा फूट रुंद जाळरेषेने. त्या जाळरेषेवर प्रकल्पाचा खर्च रोपांच्या मानाने नगण्य होता. ही तुलना मांडली तेव्हा संस्थेतल्या काहींना ते आवडलं नाही. रोपांचा फोटो निघतो, जाळरेषेचा निघत नाही.

रोपांचे आकडे आपल्याला फार आवडतात. २०१६ मध्ये राज्यात दोन कोटी झाडांपासून सुरुवात झाली आणि २०१९ मध्ये लक्ष्य ३३ कोटींवर गेलं. एवढे खड्डे कुठे तरी पडणार. कोकणात ते सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, पडतात, कारण सडा कागदावर 'पडीक' असतो. ज्याने आषाढ-श्रावणात राजापूर-रत्नागिरीचे सडे पाहिले आहेत त्याला हा शब्द टोचेल. जांभ्यावरच्या बोटभर मातीत तेरडा, सीतेची आसवं, किडे खाणारी दवबिंदूची इवली रोपटी, पाण्याने भरलेली डबकी, आणि भाद्रपदानंतर गुरांसाठी गवत. तिथे जेसीबीने खड्डे खणून बाहेरची माती भरायची आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ लावायची, याला मी जगवणुकीचे गुण देऊ शकत नाही, शंभरातली शंभर जगली तरी. ऑस्ट्रेलियन बाभळीच्या लागवडीखाली जाऊन उभे राहा एकदा. पानांचा कडक थर, त्याखाली काही उगवत नाही, गुरं तोंड लावत नाहीत.

उपग्रहाला हा फरक दिसत नाही. भारतीय वन सर्वेक्षण संस्था एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर दहा टक्के किंवा जास्त झाडांचं छत्र असलं की ते वनाच्छादन धरते, मालकी आणि झाडाची जात कुठलीही असो. म्हणजे हापूसची बाग, काजूची बाग, दोडामार्गाकडचं रबर आणि जुनं रान, चारही वनाच्छादनाच्या एकाच आकड्यात. जुनं मिश्र रान तोडून काजू लावले तर पाच-सहा वर्षांनी नकाशा पुन्हा हिरवा. काजूवर माझा राग नाही, वेंगुर्ल्याच्या वाणांनी किती घरं उभी राहिली ते मी बघितलं आहे. पण नकाशा हातात देऊन कुणी म्हणालं की जंगल वाढलं, तर मी विचारते, तुम्ही आत जाऊन आलात का?

आत जाऊन यायची जागा म्हणजे देवराई. कुठला प्रकल्प नाही, नोंदवही नाही, फलक नाही, आणि तरी शेकडो वर्षं उभी. माझ्या आजोळी पडलेली फांदीसुद्धा घरी नेत नसत. मोठं झाड वादळात पडलं की गुरव कौल लावायचे आणि देवाने दिला तर ते लाकूड देवळाच्याच कामाला लागायचं. नियम गावाने केलेला, पहारा गावाचा, आणि तो मोडला तर कोणाला तोंड द्यायचं हे लहान पोरालाही ठाऊक. २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एलिनोर ऑस्ट्रॉम यांनी सामायिक जंगलांबद्दल जगभर फिरून जे मांडलं, त्यातला राखणीचा भाग मला आजोळच्या राईत आधीच भेटला होता. पण तिथेही आता मोजायला हवं. माझ्या माहितीतल्या तीन रायांमध्ये जीर्णोद्धारासाठी गेल्या काही वर्षांत झाडं गेली. मुंबईहून वर्गणी आली, देऊळ सिमेंटचं झालं, समोर फरशी घातली, आणि सुरंगीची जुनी झाडं सभामंडपाच्या आड येतात म्हणून काढली. सुरंगी फुलली की मार्चमध्ये पायवाटेवर वास यायचा. आता त्या वळणावर काहीच येत नाही.

वाडीतल्या बागांबद्दल थोडक्यात. नारळ-सुपारीच्या सावलीत मिरी, जायफळ, दालचिनी घ्यायची ही आपली जुनी रीत, आणि भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राने 'लाखी बाग' म्हणून तिला नीट घडी घालून दिली. अशा बागांचे प्रकल्प मी दापोलीच्या किनाऱ्याने पाहिले आहेत आणि चांगल्या वर्षात त्यांचा हिशेब फार छान येतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. त्यानंतर महिन्याभराने केळशी-आंजर्ल्याच्या बाजूला गेले तेव्हा सुपारीची झाडं मधोमध मोडून एकाच दिशेला पडली होती, काड्यापेटी उलटी केल्यासारखी. सावली गेली आणि खालची जायफळं पुढच्या उन्हाळ्यात करपली. सुपारी पुन्हा लावून फळायला पाच-सात वर्षं. मी पाहिलेल्या बागांत त्यातल्या त्यात तग धरली ती ज्यांच्या कडेला फणस, रातांबा, आंबा अशी गावठी झाडं दाट होती त्यांनी. दोन-चार बागांवरून मी नियम करणार नाही. पण तेव्हापासून उत्पन्नाच्या तक्त्यात मी वाईट वर्षाचा एक रकाना ठेवते: वादळाचं वर्ष, मोहोर गळाल्याचं वर्ष, माकडांनी शहाळी न ठेवल्याचं वर्ष. शेतकऱ्याला विचारलं की तो ही वर्षं बोटावर मोजून सांगतो, त्याला आठवण करून द्यावी लागत नाही.

परवाच्या लांज्याच्या उतारावर पाच वर्तुळं झाली. साडेचार वाजले होते. पाण्याच्या बाटल्या रिकाम्या, वहिनींच्या पदरात वाटेत वेचलेल्या कच्च्या कैऱ्या. आकडा चांगला नाही आला. लावलेल्यांतली निम्म्याहून कमी जिवंत. जाळरेषा काढली होती पण वरच्या बाजूला ती अर्धवट राहिली, आणि माघ संपता संपता तिथूनच आग आत आली. कोपऱ्यातल्या वर्तुळात मात्र लहान वहिनी वाकून काहीतरी बघत बसल्या होत्या. जळक्या गवतातून ऐनाचा फुटवा आला होता, वीतभर, तांबूस पानांचा. आम्ही लावलेला नव्हता. "हा लिवायचा का?" त्यांनी विचारलं. लिहायला सांगितला, 'आपोआप' म्हणून वेगळ्या ओळीत. मग सगळ्याच वर्तुळांत परत फिरून असे फुटवे शोधले आणि सूर्य खाली जाईपर्यंत उतरलो नाही.

त्या मुलाने प्रत्येक वर्तुळाच्या मध्यावरच्या दगडाला पांढरा रंग लावला, म्हणजे पुन्हा नेमकी जागा सापडेल. प्रकल्प या महिन्याअखेर संपतो. दोरी, खुंटी आणि वहीची एक प्रत त्याच्याकडे ठेवून आले. पुढच्या शिमग्यात पालखी त्यांच्या वाडीत कोणत्या दिवशी येते ते ठरलं की तो फोन करणार आहे, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही वर चढणार आहोत.